सुरंगीवरचा प्लॉटर

मांडव्याच्या जेट्टीबाहेर ज्या शिडाच्या बोटी नांगरलेल्या असतात, त्यांतल्या निम्म्याअधिक बोटींना कधी ना कधी चांगदेव ठाकूरचा हात लागलेला आहे. चांगदेव आगरी समाजातला. घरचा समुद्राशी संबंध मिठापुरता. बाप खाडीकडेच्या मिठागरात राबायचा. मिठागर बंद पडलं आणि बाविसाव्या वर्षी चांगदेव एका मुंबईकराच्या बोटीचं बूड खरवडायला लागला. खरवडता खरवडता शीड चढवायला शिकला, सुकाणू धरायला शिकला. चाळिशीला येईस्तोवर किनाऱ्यावरचे कोळीही त्याला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणू लागले. हा मान कोळी सहसा दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

किहीमच्या देवदत्त बापटांनी ‘सुरंगी’ घेतली तेव्हा तांडेल म्हणून चांगदेवलाच बोलावलं. बापट कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचे, निवृत्त होऊन नारळाच्या वाडीत येऊन राहिले होते. सुरंगीच्या सुकाणूच्या चाकासमोर त्यांनी एक प्लॉटर बसवून घेतला. समुद्राचा नकाशा आणि त्या नकाशावर आपली बोट नेमकी कुठे आहे हे दाखवणारं ते यंत्र. चांगदेव सातवी शिकलेला. यंत्रातली सगळी अक्षरं इंग्रजी. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवलेली असताना तो ताडपत्रीखाली बसून तासन्‌तास एकेक बटण दाबून पाहायचा. चार महिन्यांत त्याने ते यंत्र पाठ केलं, अक्षरं वाचून नव्हे, तर कुठलं बटण दाबलं की काय होतं ते ध्यानात ठेवून. दिवाळीनंतर बोट पाण्यात उतरली तेव्हा बापटांनाच तो समजावून सांगायला लागला. पुस्तकातल्या माणसांची म्हणून जी विद्या त्याला वाटत आली होती, ती त्या पडद्यातून पहिल्यांदा त्याच्या हाताला लागली. त्याचा त्या प्लॉटरवर जीव होता तो असा.

दुसरा जीव प्राप्तीवर. एकुलती एक पोर. नवव्या वर्षी हट्टाने बोटीवर आली आणि त्या दिवसापासून तिला किनाऱ्यावर ठेवणं कुणाला जमलं नाही. आई, सखुबाई, म्हणायची, “तिला लगीन करायचं हाय का न्हाय कधी?” चांगदेव हसायचा. त्याने पोरीला शिकवलं ते डोळ्यांनी आणि कानांनी. खोल पाण्याचा आवाज वेगळा, उथळाचा वेगळा, खडकाजवळचा आणखी वेगळा. तिला डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, “सांग, खाली काय हाय?” बाराव्या वर्षी ती दहातली आठ उत्तरं बरोबर द्यायची. पुढे तिने परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं मिळवली आणि तेविसाव्या वर्षी जवळच्या शीडबोटींच्या शाळेत शिकवायला लागली. पहिल्या पगारांतून तिने टॅबलेट घेतला आणि त्यात समुद्राच्या नकाशांचं ॲप घातलं.

तिथून बापलेकीचं वाजायला लागलं.

“बाबा, तुझ्या प्लॉटरमधलं नकाशाचं कार्ड आठ वर्षांपूर्वीचं हाय. माझं ॲप दर आठवड्याला नवीन नकाशा घेतं.”

“खडक आठवड्याला हलतात काय?”

“खडक न्हाय हलत. वाळू हलते. जाळ्यांचे खुंट हलतात.”

“ते मला दिसतात.”

“मला पण दिसतात. पण मग तुला तरी प्लॉटर कशाला लागतो?”

यावर चांगदेव उठून शिडाचा दोर आवळायला जायचा. तो चिडायचाही नाही. मे महिन्यातल्या त्या दुपारपर्यंत हे सगळं हसण्यावारी होतं.

त्या दुपारी दोघं सुरंगी घेऊन खांदेरी आणि उंदेरीच्या मधून येत होती. दोन्ही बेटांच्या मध्ये पाणी फसवं आहे. सुकाणू प्राप्तीकडे, टॅबलेट समोर अडकवलेला. उन्हाने लाही होत होती. ऐन वळणावर टॅबलेट तापून काळाठिक्कर पडला. पडद्यावर फक्त एक थर्मामीटरचं चित्र. प्राप्ती शांतपणे म्हणाली, “थंड झाला की चालू होईल,” आणि नुसत्या डोळ्यांनी बोट काढायला लागली. तिने ती काढलीही असती. पण चांगदेवने तिला बाजूला सारून चाक हातात घेतलं. प्लॉटरकडे बघत बोट बाहेर आणली. बेटं मागे पडली तरी त्याने चाक तिला परत दिलं नाही.

तिने पुढे टॅबलेटला सावलीची झडप केली, पाणी जाणार नाही असं कव्हर आणलं, जास्तीची बॅटरी आणली. चांगदेवच्या मनातली भीती काही गेली नाही. काळा पडलेला तो पडदा त्याला झोपेतही दिसायचा.

जानेवारीत चांगदेवच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे बोटीवर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच वेळी बापटांना सुरंगी घेऊन मुरूडला जायचं होतं, दोन दिवस राहून परत. प्राप्ती म्हणाली, मी नेते. बापटांना आनंदच झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती ओटीवर पिशवी भरत होती. चांगदेव डोळ्याला हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसला होता.

“टॅबलेट घरी ठेवायचा,” तो म्हणाला.

“बाबा.”

“एकाच यंत्राकडं बघायचं. दोन बघशील तर दोघांवरचं लक्ष उडंल. मी बरोबर न्हाय या टायमाला.”

“दोन असली तर एक चुकलेलं कळतं तरी.”

“प्लॉटर दहा वर्षांत चुकला न्हाय. मला शब्द दे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची ती हिरवी पट्टी, वाढलेली दाढी. मग तिने पिशवीतून टॅबलेट काढला आणि आत जाऊन फ्रिजवर ठेवला. “दिला शब्द,” म्हणाली. “झालं आता? जेवायला चल.”

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला रेवदंड्याहून एका ओळखीच्या मच्छीमाराचा फोन आला. सुरंगी चौलकडूच्या खडकावर चढली. बापटसरांचा हात मोडलाय. पोरीला काढली पाण्यातून, पण.

त्या “पण”मध्येच चांगदेवला कळलं, प्राप्ती गेली.

बापट अपघातानंतर चौथ्या दिवशी आले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. एकाहत्तर वर्षांचा माणूस, चार दिवसांत ऐंशीचा दिसायला लागला होता. ओटीवर बसले आणि पाण्याचा तांब्या नुसता हातात धरून राहिले. मग आपणहून सांगायला लागले.

“पहाटे निघालो. जमिनीकडून येणारा मतलई वारा होता, छान चालली होती बोट. साडेसातनंतर धुकं उतरलं, चांगदेव, असं की बोटीचं पुढचं टोक दिसेना. ती म्हणाली, काका, काळजी नको, खडक बराच बाहेर ठेवून जाऊ. प्लॉटरवर बघून मी पण खात्री केली. खडक दीड मैल पुढे दाखवत होता. मग ती गप्प झाली. म्हणाली, पाण्याचा आवाज बदललाय. मी म्हटलं, फोनवर बघू का नकाशा? तर म्हणाली, बाबांना शब्द दिलाय, एकाच यंत्राकडे बघायचं. हसली. पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. मला चाक धरायला सांगितलं आणि पुढे टोकावर गेली, बघायला. मी प्लॉटरकडेच बघत होतो. दीड मैल. अजून दीड मैलच. मला कळायला नको, चांगदेव? मी इंजिनिअर माणूस. आकडा हलत नाही हे मला कळायला नको?”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “ती ओरडली, डावीकडे घ्या. मी चाक फिरवलंही. तेवढ्यात बोट आदळली, ती टोकावरून पाण्यात गेली.”

चांगदेवने विचारलं, “आवाज न्हाय केला यंत्रानं?”

“कसला आवाज?”

चांगदेव उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. सखुबाईला वाटलं, रडायला गेला असेल.

बोटीच्या मागच्या कठड्यावर अँटेनाची एक पांढरी टोपी असते, तीतून यंत्राला आपली जागा कळते. पाच वर्षांपूर्वी तिच्या वायरीला खाऱ्या हवेने गंज धरला होता. अधूनमधून मिनिट-दोन मिनिटं यंत्राला जागा कळायची नाही, बोट पडद्यावर होती तिथेच गोठायची, आणि यंत्र कर्कश कुईंकुईं करायचं. चांगदेवने परस्पर इलेक्ट्रिशियन आणून दोनदा वायर साफ करून घेतली, पण दोन महिन्यांत पुन्हा तेच. एकदा बापट बोटीवर नसताना त्यांच्या पाहुण्यांचं तान्हं मूल त्या आवाजाने सारखं दचकत होतं. चांगदेवने चार बटणं दाबली आणि आवाज बंद करून टाकला. त्यानंतर बोट गोठलेली दिसली की तो मागे हात घालून वायर हलवायचा. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक सूचना यायची, पण तो कोपरा उन्हाने पांढरा पडला होता. चांगदेवला सूचनेची गरजच नव्हती. तो अर्धं लक्ष पाण्यावर ठेवायचा, हात आपोआप मागे जायचा. हे आपण करतो, हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मग ते पोरीला सांगणार कधी?

गावात बोलणं वेगळंच चाललं होतं. आजकालची पोरं पडद्यात डोकं घालून बसतात. पोरीची जात, इतक्या लांब बोट न्यायची कशाला. एक लांबचा नातेवाईक तर चांगदेवच्या तोंडावरच म्हणाला, “तू असतास तर असं झालं नसतं.” खोटं काहीच नव्हतं त्यात.

चौकशीला अधिकारी आले. सुरंगी ओढून रेवदंड्याच्या खाडीत आणून ठेवली होती. प्लॉटर अजून चालू होत होता. एकाने यंत्रात शोधून सांगितलं, “इशाऱ्याचा आवाज बंद केलेला आहे. मयत मुलीने केला असणार, शेवटी तीच चालवत होती.” त्याने लिहायला कागद पुढे ओढला.

बापटांनी मान खाली घातली. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

“तिनं न्हाय केला,” चांगदेव म्हणाला. “मी केला. पाच वर्षं झाली.”

अधिकाऱ्याने वर पाहिलं. “तुमच्या लक्षात येतंय का तुम्ही काय सांगताय?”

“व्हय. आन वायर खराब हाय ते पण मला म्हायत होतं. तिला सांगितलं न्हाय. तिच्याकडं दुसरं यंत्र होतं, ते मी घरी ठेवायला लावलं. तिच्या नावावर काय लिहू नका.”

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने हेच सगळं सखुबाईला सांगितलं. सखुबाई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, विस्तव विझवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने उरणला भावाकडे निघून गेली. चांगदेवने तिला थांबवलं नाही.

ती चार महिने तिकडे होती. चांगदेव एकटा राहिला. बापटांनी सुरंगी पुन्हा पाण्यात उतरवलीच नाही. दुसऱ्या बोटींवरून बोलावणी येत होती, तो गेला नाही. मात्र एक काम तो करायचा. जेट्टीवर जायचा, नांगरलेल्या बोटींच्या तांडेलांना भेटायचा आणि म्हणायचा, तुझ्या यंत्राचा आवाज चालू हाय का ते माझ्यासमोर बघ. टॅबलेट असला तर तो पण जवळ ठेव. बहुतेकजण त्याच्या मानापोटी बटणं दाबून दाखवायचे. शीडबोटींच्या शाळेतल्या हेमांगीने, प्राप्तीच्या जोडीने शिकवणाऱ्या मुलीने, एकदा त्याला मुलांसमोर बोलायला बोलावलं. तो दारापर्यंत गेला. आत फळ्यावर वळणदार अक्षरात वाऱ्याच्या दिशा लिहिलेल्या होत्या, आणि ते अक्षर प्राप्तीचं होतं. कुणी पुसलं नव्हतं. तो तिथूनच परत फिरला.

सखुबाई आली ती मे महिन्याच्या शेवटी, न कळवता. घर झाडलं, चूल पेटवली, सुक्या जवळ्याचं कालवण केलं. दोघं समोरासमोर बसून जेवली. ताटं उचलून झाल्यावर ती म्हणाली, “मला सांगा सगळं. नीट. ती कुठं होती, खडक कुठं होता, यंत्र काय दाखवत होतं.”

“कशाला सखू?”

“मला रोज कायतरी वेगळंच दिसतं. मला खरं बघायचंय.”

चांगदेवने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, उलटं केलं, आणि पेन्सिलीने किनारा काढला. मुरूड इथे. रेवदंडा इथे. इथे खडक. बोट इथे होती तेव्हा यंत्र गोठलं. मग वीसेक मिनिटं बोट अशी चालत गेली, आणि यंत्र तिला इथेच दाखवत राहिलं. सखुबाई पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती. तिला समुद्राचं काही कळत नव्हतं, पण ती दोन ठिपके आणि त्यांच्यामधलं अंतर बघत होती.

“म्हंजे तिला कळलंच नसंल,” ती म्हणाली. “यंत्रावर विश्वास ठेवून चालली होती बिचारी. कळायच्या आतच झालं.”

तिला हेच ऐकायचं होतं, हे चांगदेवला दिसत होतं. व्हय म्हणालं की झालं असतं. त्याच्या ओठावर आलंही होतं.

“न्हाय सखू,” तो म्हणाला. “तिला कळलं होतं. पाण्यावरनं कळलं. म्हणून तर पुढं गेली ती.”

सखुबाईने तोंडाला पदर लावला. चांगदेवच्या हातातली पेन्सिल खडकाच्या ठिपक्यावर तशीच टेकलेली होती. तिने त्याचा हात धरला आणि कागदावरून बाजूला केला, आणि मग सोडला नाही.