तुकतुकीत

पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोणी तरुण म्हटलं, तर तिनं आधी डॉक्टर गाठावा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गाल तुकतुकीत झाले आणि मी हुरळून गेले. सदर बाजारातला कापडवाला आंटी म्हणायचा, तो दीदी म्हणायला लागला. जावेनं तर धरलंच, "काहून वं, काय लावून राहिली चेहऱ्याले? मले बी सांग." मी काहीच लावत नव्हते. तरी ऐटीत साय आणि बेसन सांगून टाकलं. बिचारी रोज चोपडत बसली. आठवलं की आजही मान वर होत नाही.

थंडीत बोटं पांढरी पडायची, जिन्यावर धाप लागायची, कोरडा खोकला जाता जात नव्हता. त्याचं खापर मी सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुरावर फोडलं. आमच्याकडे तो धूर सगळ्यांच्याच उपयोगी पडतो.

मग एका संध्याकाळी ठेल्यावर गुपचुप खायला गेलो. पाणीपुरीला इथं गुपचुपच म्हणतात. माझी पुरी तोंडात जाईना, तोंड तेवढं उघडेचना. पाणी साडीवर सांडलं. जाऊ म्हणाली, "पाहा, नवरीवाणी लाजून राहिली!" सगळे हसले, फक्त हे हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी मला समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी माझ्या गालाला चिमटा घेतला, तर कातडी चिमटीत येईना. हा स्क्लेरोडर्मा, म्हणाल्या. शरीर स्वतःशीच वैर धरतं आणि कातडी आवळत जाते. आत फुप्फुसंही आवळतायत का, ते पाहायला छातीचा सीटी स्कॅन करायला सांगितला.

आधी उताणं झोपवून झालं. मग मशीनवाला म्हणाला, "दीदी, अब पेट के बल." उताण्या माणसाच्या फुप्फुसांच्या तळाशी एरवीही थोडी धूसर सावली दिसते, पालथं झालं की ती जाते, असं त्यानं समजावलं. मी पालथी पडून श्वास रोखला आणि ती जावी म्हणून मनात नवस बोलले.

माझी गेली नाही. औषधानं पुढचं बहुतेक थोपवता येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आवळलेलं पुन्हा सैल होणार नाही. आधी यायला हवं होतं.

बाहेर स्कूटरपाशी ह्यांनी विचारलं, "एवढी धाप लागून राहिली होती, तं मले काहून नाही सांगितलं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं तेच बोलले, "लोकं जवान म्हणून राहिले होते. बिमार आहो म्हणायले जीभच वळली नाही."

हे बराच वेळ हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले.

"तू पहिलेबी चांगलीच दिसत होती," म्हणाले. "मीच कधी म्हटलं नाही."