बावखलाचा पास

वटारच्या फुटबॉल संघाविषयी गावात एक वाक्य ठरून गेले आहे: संकेत पडला आणि संघ पडला. हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू येते, लग्नाच्या मांडवात ऐकू येते. ज्यांनी त्या हंगामातला एकही सामना पाहिलेला नाही, तेही ते खात्रीने उच्चारतात. वाक्य खरे नाही. संकेतच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटल्यानंतर संघ सुरुवातीला हरला, पुढे सावरला आणि हंगाम संपला तेव्हा आधीच्या वर्षापेक्षा अधिक सामने जिंकलेला होता. तरीही ते वाक्य सरसकट खोटे ठरवता येत नाही, कारण संघातल्या एका माणसापुरते ते अगदी खरे होते. तो माणूस म्हणजे डाव्या बगलेवर खेळणारा जॉयल.

जॉयलने तिशी ओलांडली आहे. घरची केळीची आणि भाजीची बाग आहे. ती वडील पाहतात. तो स्वतः नालासोपाऱ्यात फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. शरीर सडपातळ, बोलणे कमी, आणि हसताना तोंडावर हात धरायची सवय. त्याने आयुष्यात फारसे गोल केले नाहीत. आघाडीच्या फळीत तो होता तो चेंडू पुढे पोचवण्यासाठी. गोल कोणी केला हे गावाच्या लक्षात राहते. चेंडू कोणाच्या पायातून आला, हे दुसऱ्या दिवशी सांगता येणारी माणसे मोजकीच. संकेत त्यांतला एक. तो नेहमी गोल केल्यावर आधी डावीकडे वळून बोट दाखवायचा.

दोघांची जोडी कशी जमली, याच्या दोन हकिकती मिळतात. संकेतची आई म्हणते, मुले एकाच बाकावर बसायची म्हणून. ते शक्य आहे. परंतु जोडीचे खरे कारण एक शेत असावे. भाताची कापणी झाली की मुले जॉयलच्या काकांच्या शेतात खेळत. शेत लांबट होते आणि त्याच्या डाव्या अंगाला, गोलच्या अलीकडेच, बावखल होते: पावसाचे पाणी साठवणारे जुने खोलगट तळे, काठाला भेंडीची जुनी मोठी झाडे. मुलांचा नियम होता की चेंडू ज्याच्या पायाने बावखलात जाईल, त्याने तो बाहेर काढायचा. डाव्या बाजूला खेळणारा जॉयल. थंडीत त्या शेवाळी पाण्यात उतरण्यापेक्षा त्याने एक वेगळाच खेळ शिकून घेतला. टोकापर्यंत धावत न जाता तो बावखलाच्या आधीच अर्धा वळायचा आणि चेंडू आडवा, थोडा उंच सोडून द्यायचा. संकेतला हे ठाऊक असल्यामुळे तो जॉयलकडे न बघता आधीच धावत सुटायचा. चेंडू आणि संकेत गोलपुढच्या एकाच जागी पोचायचे.

पुढे दोघे मोठ्या मैदानांवर खेळू लागले. तिथे बावखल नव्हते. पायांतून मात्र ते गेले नाही. समोरच्या बचावपटूला वाटे की हा बगलवाला कोपऱ्यापर्यंत जाणार. तो तयार व्हायच्या आत चेंडू सुटलेला असे. संघाचे प्रशिक्षक दिनानाथ सर, बागायतदार घरातले आणि शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, याला ‘बावखलाचा पास’ म्हणत. नाव त्यांचे, आणि ते टिकले.

संकेतला दुखापत झाली ती कोणाचा धक्का लागून नव्हे. शेजारच्या गावातल्या स्पर्धेत तो चेंडू डोक्याने मारायला उंच उडाला आणि खाली येताना उजवा पाय रुतून गुडघा फिरला. मैदानाबाहेर नेताना तो जॉयलला एवढेच म्हणाला, “पास बरोबर होता.” शस्त्रक्रिया झाली. हंगाम गेलाच, पुढचाही बहुतेक जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले.

एका गुडघ्याने संघातल्या तीन जागा हलल्या. मध्यभागी संकेतच्या जागी उमंग आला. तुळिंजला राहणारा, विशीतला, कृत्रिम गवतावर शिकलेला. तो चेंडूच्या पुढे धावत नसे. उलट मागे येऊन पायात चेंडू मागत असे. त्यामुळे संकेतकडून निसटलेला चेंडू पलीकडच्या खांबाजवळ टिपणारा उजव्या बगलेचा जेन्सन निरुपयोगी झाला. दिनानाथ सरांनी त्याला बचावात ओढले आणि उजवीकडे आयुषला आणले. आयुष वेगवान होता, पण कोणत्या क्षणी धावायचे हे त्याला कोणाकडे बघून कळावे? कागदावर आघाडीच्या तीन जागा भरलेल्या होत्या. मैदानावर तीन अनोळखी माणसे धावत होती.

उमंगच्या पहिल्या सामन्यात जॉयल डावीकडून गेला, अर्धा वळला आणि त्याने चेंडू सोडला. तिथे कोणीच नव्हते. गोलरक्षकाने दोन पावले पुढे येऊन, पडलेला नारळ उचलावा तसा तो उचलला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कडेला बसलेला एक म्हातारा ओरडला, “अरे जॉयल, तिकडं कोन हाय? भूत?” सगळे हसले. उमंग हात पसरून उभा होता.

“दादा, पायात दे ना! हवेत कोणाला पाठवतोय?”

“तू धाव की पुढे,” जॉयल म्हणाला.

“कुठे? तू आधी बघ तरी माझ्याकडे!”

जॉयलने बघितले नाही. संकेतकडे कधी बघावे लागले नव्हते. आता बघायचे म्हणजे ते संपले असे मान्य करायचे. हे शब्द जॉयलचे आहेत, पुष्कळ नंतरचे, आणि नंतर सुचलेल्या शब्दांवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न राहतोच. मात्र त्या दिवसांत सरावानंतर तो एकटाच मैदानावर थांबत असे आणि त्याच जागेवर चेंडू टाकत असे, हे तिघांनी वेगवेगळे सांगितले आहे. चेंडू तिथे पडून पुढे जायचा. मग हा जाऊन आणायचा.

त्याची बायको क्लेमेंटीन शाळेत शिकवते आणि नवऱ्याची गय करत नाही. “माझ्या बापाने मला विचारलं होतं, मुलगा कुणात अडकलेला नाही ना,” ती म्हणते. “मी छाती ठोकून म्हटलं, नाही. मला काय माहीत, हा संकेतसाठी असा झुरेल म्हणून!”

संध्याकाळी कामावरून परतताना जॉयल संकेतच्या घरी जाई. संकेत बँकेत नोकरीला आहे. त्या काळात तो घरीच होता, आणि ओट्यावर बसून टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून पाय दाबायचा व्यायाम करत असे. जॉयल त्याला सामन्याचे वर्णन ऐकवायचा. त्या वर्णनात एक खोट होती: हुकलेले सगळे तो तपशिलाने सांगे, जमलेले वगळी. त्याच्या तोंडून ऐकणाऱ्याला वटारचा संघ रोज बुडतो आहे असेच वाटले असते.

“आणि उमंगने गोल केला, तो?” एकदा संकेतने विचारले.

“असाच लागला.”

“जॉयल्या, माझा पाय मोडलाय, डोळे नाही. आयुष कोणाकडून तरी व्हिडिओ मिळवून पाठवतो मला.” त्याने मोबाइल पुढे धरला. “हे बघ. पोरगा मागे येतोय, बरोबर? त्याच्याबरोबर त्यांचा डिफेंडर पण येतोय. म्हणजे मागे जागा कोणाला मिळते? तुला. त्याला दे आणि तू आत घूस. आणि उजव्या पायावर दे. डावा त्याचा नुसता टेकायला आहे.”

“तू परत आलास की बघू.”

“मी येईन तेव्हा येईन. तोपर्यंत काय दुकान बंद ठेवणार?”

जॉयल उठून निघून गेला. पुढचे काही दिवस तो त्या घरी फिरकला नाही. परत आला तेव्हा संकेतने मागची गोष्ट काढली नाही. मोबाइल पुढे धरला आणि जिथे थांबली होती तिथून शिकवणी पुढे सुरू केली. आपल्या जागेवर आलेल्या माणसाला चेंडू कसा द्यावा, हे संकेतने जॉयलला शिकवले. गावातल्या त्या ठरलेल्या वाक्यात या संध्याकाळींना कुठेच जागा नाही.

शिकवणी हळूहळू पायांत उतरली. जॉयल मान वर करून बघू लागला. उमंग मागे येई, चेंडू त्याच्या उजव्या पायाशी जाई, जॉयल आत घुसे. आयुषलाही कळू लागले की उमंग वळला म्हणजे आपण सुटायचे. संघ जिंकू लागला. उमंग सामना संपल्यावर जॉयलच्या गळ्यात पडायचा: “दादा, आज काय दिलास! एकदम लोण्यासारखा!” जॉयल तोंडावर हात धरून हसायचा आणि घरी आल्यावर गप्प बसायचा. क्लेमेंटीनने एकदा विचारले, “जिंकलात ना? मग चेहरा असा का?” तो म्हणाला, “कोणीतरी बाहेर राहिल्यासारखं वाटतं.” तिने पुढे चेष्टा केली नाही.

दुसऱ्या हंगामाच्या उत्तरार्धात संकेतला खेळायची परवानगी मिळाली. सुरुवातीला थोडाच वेळ, तोही गुडघ्याला पट्टा बांधून. जॉयलला वर्षभर एकच हवे होते: संकेतबरोबर पुन्हा एकदा, त्याच्याकडे न बघता, तो पास. सामना घरच्या मैदानावर होता आणि बरोबरीत अडकला होता. शेवट जवळ आल्यावर दिनानाथ सरांनी आयुषला बाहेर बोलावले, उमंगला उजवीकडे सरकवले आणि संकेतला मध्ये उतरवले. टाळ्या पडल्या. सरांनी जाता जाता जॉयलच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “घे, आणला तुझा माणूस.”

पुढचा प्रसंग आयुषने मोबाइलवर टिपला आहे, आणि तो अनेकदा पाहण्यासारखा आहे. जॉयलला डावीकडे चेंडू मिळतो. तो पुढे जातो, नेहमीच्या ठिकाणी अर्धा वळतो. संकेत आधीच निघालेला आहे, पूर्वीपेक्षा मंद, पण थेट त्या जागेकडे. त्याच वेळी उमंग उजवीकडून मागे येतो, हात खाली करून पायात चेंडू मागतो. जॉयलचा पाय मागे जातो. चेंडू जमिनीलगत निघतो, संकेतच्या मागून जातो आणि उमंगच्या उजव्या पायाशी पोचतो. उमंग मारतो. गोल.

मैदानात लोक घुसले. उमंगला सगळ्यात आधी मिठी मारली ती संकेतने, हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. जॉयल जिथे होता तिथेच उभा आहे, स्वतःच्या पायाकडे बघत.

“मला दिसलास तू,” सामन्यानंतर कडेला बसल्यावर जॉयल म्हणाला. “निघालास तेव्हाच दिसलास. द्यायचा तुलाच होता. पाय गेला त्याच्याकडे.”

“बरोबर गेला. मी पोचलो नसतो रे.”

“पोचला असतास.”

“मग गोल झाला नसता,” संकेत म्हणाला, आणि पट्टा सोडू लागला.

तो पोचला असता की नाही, हे चित्रफितीवरून ठरत नाही. त्या क्षणी आयुषचा हात हलला आहे. जॉयल अजून म्हणतो, पोचला असता. संकेत म्हणतो, नाही. दोघांनाही आपापले म्हणणे सोडायचे नाही.

पट्ट्याची घडी करत संकेतने सांगितले की तो सरांशी बोलला आहे. पुढल्या रविवारपासून तो मागे, जेन्सनच्या शेजारी, बचावात खेळणार. तिथे धावणे कमी, वळणे कमी. गुडघा काही वर्षे तग धरेल.

“कधी बोललास?”

“उतरायच्या आधीच.”

जॉयल मैदानाकडे बघू लागला. समोर मुले गोलच्या जाळ्या सोडत होती.

“म्हणजे खेळताना मला दिसणार नाहीस तू.”

“ओरडेन की मागून. माझा आवाज काय कमी आहे?”

“ते वेगळं.”

“वेगळंच आहे,” संकेत म्हणाला. त्याने हात पुढे केला. जॉयलने तो धरून त्याला उठवले, आणि गुडघ्यावर पूर्ण भार येईपर्यंत संकेतने तो हात सोडला नाही.

पुढल्या रविवारी सामना सुरू झाला तेव्हा जॉयल डाव्या बगलेवर होता. पाठीमागून हाक आली आणि तिच्यामागून चेंडू आला, जरा जास्तच जोरात मारलेला. कोणी मारला हे बघायला त्याला वळावे लागले नाही. चेंडू पायाशी घेऊन त्याने मान वर केली, आणि उमंग कुठे आहे ते शोधू लागला.