साखरेची शर्यत

मी आणि माझी मोठी जाऊ, दोघीही डायबेटिसवाल्या. घर एक, झेंडूचा मळा एक आणि बोट टोचून साखर बघायचं मशीनही एकच. एकदा लेकीनं मला फोनवर डाएटचा व्हिडिओ पाठवला. भाकरी, भात, बटाटा, गूळ, सगळ्याला रजा. नुसत्या भाज्या, अंडी, पनीर, ताक. मी जावेला म्हटलं, "बघूच, कोणाची साखर आधी खाली येते ते!" तिनं लगेच पदर खोचला.

काय मजा यायची म्हणून सांगू! सकाळी फुलं तोडायला जायच्या आधी ओट्यापाशी उभं राहून बोटं टोचायची. जिचा आकडा कमी, तिला दुसरीनं बिनसाखरेचा चहा करून द्यायचा. आणि जिंकायची मीच! दोनशेच्या वरची माझी साखर दीडशेवर आली, मग शंभराच्या आसपास. जाऊ चरफडत चहा ठेवायची आणि मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटायच्या.

माझ्या गोळ्यांत एक गोळी साखर खाली ओढणारी होती. पोटात काही असो-नसो, ती तिचं काम करणारच. जावेच्या गोळीचं तसं नव्हतं. पण एवढं कोणाला ठाऊक होतं? जेवण निम्म्यावर आलं, गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. छान चाललंय, मग डॉक्टरांना कशाला विचारायचं!

दसरा तोंडावर होता. मळ्यात हात थरथरायला लागले, झेंडू पाटीत पडायचा सोडून मातीत पडू लागला. जाऊ म्हणाली, "लय घाम आलाय गं तुला." मी खेकसले, "तुझं तू बघ!" तिनं दंडाला धरून मला घरात आणलं आणि बोट टोचलं. बावन्न! मी टाळ्याच पिटल्या. "हाय का कोणाची हिंमत? बावन्न!"

जाऊ हसली नाही. तिनं डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर, आणि आकडा सांगितला.

"शुद्धीवर आहेत? गिळता येतंय? मग आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा. एवढी कमी साखर जिवावर बेतते. बाकीचं मागाहून."

साखर प्यायली की मी हरणार! एवढं एकच माझ्या डोक्यात बसलेलं. मी दात आवळले, पेला ढकलला, अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. सहसा न रडणारी ही बाई. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. तिनं पुन्हा साखर घातली आणि पेला माझ्या ओठाला लावला.

"तू जिंकली बाई. कायमची जिंकली. आता तरी गीळ."

मी प्यायले.

पंधरा मिनिटांनी परत तपासायचं होतं. तोवर डॉक्टर मला झापत होते. खाणं एवढं बदलायचं तर आधी विचारायचं, गोळीचा डोस कमी करावा लागतो. गोळ्या मनानं बंदही करायच्या नाहीत. आता पोळी खाऊन, सगळ्या गोळ्या घेऊन दवाखान्यात या. जाऊ फोनकडे बघून मान डोलवत होती, डॉक्टरांना दिसत असल्यासारखी.

मग तिनं माझं बोट पुन्हा टोचलं. मशीनवर अठ्ठ्याण्णव आलं.

"वाढली!" जाऊ इतक्या जोरात ओरडली की मळ्यातल्या बाया उभ्या राहून घराकडे बघू लागल्या. "वाढली गं, वाढली!"