तेराव्याचा शिरा

मेगाब्लॉकच्या रविवारी कुठलंही कार्य ठेवू नये, हे मला कळतं; पण तेरावा दिवस काही रेल्वेला विचारून येत नाही. ह्यांच्या तेराव्याला दिरांनी केटररला शंभर पानं सांगितली. मी साठच म्हणत होते. "वहिनी, कमी पडलं तर लोकांना तोंड कसं दाखवायचं?" ते म्हणाले. आमच्याकडे माणूस गेल्याचं दुःख पेलतं, वरण कमी पडल्याचं पेलत नाही. लोकल बंद, त्यामुळे डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये जेमतेम चाळीस जण जेवले.

"टाकून देऊ का?" भरलेली पातेली दाखवत केटररने विचारलं. हे आयुष्यभर ताटाबाहेर सांडलेलं शीतही उचलून खाणारे. त्यांच्या नावाचं जेवण कचऱ्याच्या गाडीत जाणार म्हटल्यावर मला आधी रडू आलं, मग राग आला. राग आला की मला कामं सुचतात. टेम्पो बोलावला, भाचीला बरोबर घेतलं आणि भर दुपारी कल्याणच्या एका सरकारी इस्पितळापाशी पोचले. पेशंटचे नातेवाईक बाहेर दिवसदिवस ताटकळत असतात. महिन्यापूर्वी ह्यांच्यासाठी मीही तशीच बसले होते.

लगेच रांग लागली. पहिल्याच आजींनी पत्रावळ पुढे करत विचारलं, "कसलं गं जेवण? बारसं का?"

"माझ्या मिस्टरांचं तेरावं."

भाचीने कोपर मारलं, पण बोलून झालं होतं. आजींनी पत्रावळ मागे घेतली आणि बघता बघता रांग पांगली. तेराव्याचं परक्याने खाऊ नये म्हणतात, ते मलाही ठाऊक आहे. त्यात या लोकांची माणसं आत खाटेवर. यांना काय बोलणार? तरी लागायचं ते लागलंच. माझ्या भल्या माणसाला कुणी दारातून परत पाठवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात तिशीची एक बाई पुढे आली. "वाढा, काकू."

"अगं, नवरा आत आहे ना तुझा?" आजींनी तिला हटकलं.

"म्हणूनच तर. दिवा स्टेशनावरनं आलेय, दोन दिवस चहा-बिस्किटावर काढलेत. मी चक्कर येऊन पडले तर त्याला कोण बघणार? तुम्ही?"

ती तिथेच मांडी घालून पोटभर जेवली. थोड्या वेळाने आजी "थोडंच घाल हं" म्हणत परत आल्या, त्यांच्यामागे बाकीचे. तासाभरात भात, भाजी, वरण संपलं. लोक मला "देव भलं करो" म्हणत होते आणि मला त्यांच्याच पाया पडावंसं वाटत होतं. उपकार त्यांनी माझ्यावर केले होते.

शिरा तेवढा थोडा उरला. ती बाई हात धुऊन डबा घेऊन आली.

"तुमच्या साहेबांना यातलं काय आवडायचं?"

"शिरा."

"मग घाला यात. डॉक्टर म्हणालेत, आजपासून त्याला मऊ काहीतरी द्या."

माझाच हात थबकला. इतका वेळ लोकांवर मनातून चिडलेली मी, म्हणाले, "पेशंटला हे नको गं. मी दुसरं काहीतरी आणून देते."

"घाला हो, काकू. चांगल्या माणसाचं आहे ना?"

मी डबा काठोकाठ भरला. तिने तो ओढणीखाली झाकला आणि नवऱ्याला भरवायला आत घेऊन गेली.