उसनं शेवाळ

आमच्या झुल्मिरामावशीला खोटं बोलता येत नाही. बोलली की कान लाल होतात. सहा वर्षं दर जानेवारीत ते लाल होत होते, आणि का, ते फक्त मला, तिच्या शेजारणीला, ठाऊक होतं.

नाताळात बाळ येशूचा गोठा मांडायला ती डोंगरातल्या पाण्याच्या पाटावरच्या ओल्या कड्यावरून तळहाताएवढं शेवाळ आणायची. जानेवारीच्या मध्यात, संत अमारोच्या सणाला, गोठा उतरवला की ते परत कड्यावर चिकटवायचं, हा तिच्या आईचा दंडक. बाळासाठी उसनं आणलेलं ठेवून घ्यायचं नाही. पण गुडघ्यांनी दगा दिला. मग तिने ते परसातल्या धुण्याच्या टाक्यामागे, झऱ्याचा नळ ठिबकतो तिथे दडपलं. दर नाताळात तेच काढायचं, पुन्हा तिथेच लावायचं. कुणी विचारलंच तर, "ठेवून आले की कड्यावर!" पाद्रीबाबांनाही तेच सांगितलं.

विद्यापीठातली लिदिया त्या कड्यावर शेवाळ मोजायला यायची आणि मावशीकडे काकवीचा केक खायची. एकदा म्हणाली, "मावशी, अख्ख्या जगात हे फक्त आपल्या मदेरावर आहे. तेही या एकाच कड्यावर."

"म्हणजे माझ्यासारखंच. बेट सोडून कुठे गेलंय मेलं!"

यंदा फेब्रुवारीच्या पावसात तो कडाच कोसळला. लिदिया आली, स्वयंपाकघरात बसली आणि केकला हात न लावता रडू लागली.

"गेलं, मावशी. चिमूटभरसुद्धा उरलं नाही."

मावशीचे कान लाल झाले, या वेळी खोटं न बोलताच. "पोरी, रागावू नकोस. मी चोर आहे."

तिने लिदियाला टाक्यामागे नेलं. पोरगी चिखलात गुडघे टेकून बघतच राहिली. तळहाताएवढं ते शेवाळ वाढून सुपाएवढं झालं होतं. तिने मावशीला अशी मिठी मारली की दोघी पडता पडता वाचल्या.

मे महिन्यात दरड स्थिरावली. मी आणि लिदियाने मावशीच्या काखेत हात घालून तिला वर नेलं. वाटभर ती गुडघ्यांना शिव्या घालत होती. लिदिया नव्या ओल्या खडकावर बोटांनी शेवाळाचा तुकडा दाबू लागली.

"बोटांनी नको गं, तळव्याने. हळू. घाबरेल ते."

मग मावशीने स्वतः हात ठेवला. बराच वेळ तो उचलला नाही.

"आई," ती म्हणाली, "उशीर झाला गं. पण आणलं."