काडीचं वजन

लाँड्रीत इस्त्री करणारी बाई अंगानं इतकी बारीक होती, की सगळे तिला काडीच म्हणत. तिला त्याचा राग तर नव्हताच, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. चाळिशी उलटली तरी अंगावर मांस म्हणून चढलं नाही, हे ती ज्याला-त्याला ऐकवायची. सकाळी चहा, दुपारी चहा, मध्येच आठवण झाली तर दोन घास. वाफेनं भरलेल्या खोलीत दिवसभर उभं राहून चादरी इस्त्री करायच्या आणि गिऱ्हाईक बायकांच्या तोंडून "तू अशी राहतेस तरी कशी गं?" ऐकायचं, त्यातच तिचं पोट भरायचं.

धाकटी नणंद त्याच लाँड्रीत गल्ल्यावर बसायची. अंगानं भरलेली, तोंडानं मोकळी. "वहिनीला फुंकर मारली तर उडेल, आणि मला उठवायला क्रेन लागेल," असं म्हणून स्वतःच खदखदून हसायची.

एक दिवस समोरच्या शाळेत रक्तदान होतं. दोघी गेल्या. वाटेत काडी म्हणाली, "तुझं वजन बघून काट्याला घाम फुटेल हं." पण झालं उरफाटंच. नणंद आरामात खाटेवर आडवी होऊन हातातला चेंडू दाबत राहिली, आणि काट्यावर उभ्या काडीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुमचं रक्त नाही घेता येणार. वजन कमी पडतंय."

"कमी? अहो, बायका यासाठी जीव टाकतात!"

डॉक्टरीणबाईंनी तिची उंची मोजली. "चव्वेचाळीस किलो वजन, एकशे अठ्ठावन्न सेंटीमीटर उंची. वजनाला मीटरमधल्या उंचीनं एकदा भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा तिनंच भागायचं. त्याला बीएमआय म्हणतात. तुमचा येतो साडेसतराच्या आसपास. साडेअठराच्या खाली गेला की आम्हाला काळजी वाटते. पाळी वेळेवर येते?"

काडीनं चपला पायात सरकवल्या. पाळी कित्येक महिने आली नव्हती. वयच झालं आता, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. अधूनमधून डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती वाफेमुळे. केस गळायचे, ते पाण्यामुळे.

"काटाच बिघडलाय मेला," असं पुटपुटत ती परतली.

त्या संध्याकाळी जेवताना तिच्या सोळा वर्षांच्या लेकीनं अर्धं ताट बाजूला सारलं.

"का गं? बरं नाही?"

"बरी आहे की. मला तुझ्यासारखं दिसायचंय. तू तरी कुठे जेवतेस?"

  काडीनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि लेकीसमोर बसून चार घास कसेबसे उतरवले.

दुसऱ्या दिवशी नणंदेनंच तिला दंडाला धरून त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. काडीच्या अंगात रक्त कमी निघालं. "असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्या नणंदेकडे वळल्या. तिचा बीएमआयचा आकडा साडेएकोणतीस, म्हणजे जास्तच. त्यांनी टेप काढून तिची कंबर मोजली. "नुसत्या आकड्याला चरबी किती अन् स्नायू किती, हे कळत नाही. म्हणून कंबर बघायची, साखर बघायची, रक्तदाब बघायचा." नणंदेची साखर जराशी वर होती. "उपास-तापास नकोत. रोज चाला, गोड आवरा. वजन हळूहळू उतरू दे."

"माझं जास्तीचं हिला देता नाही का येणार?" नणंदेनं विचारलं. डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या.

खाणं सोपं असेल असं काडीला वाटलं होतं. पण इतकी वर्षं आवळलेलं पोट दोन घासांतच भरून यायचं. मग थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याचदा खायचं ठरलं. नणंद गल्ला सोडून यायची, अंडं नाहीतर मूठभर शेंगदाणे पुढे करायची आणि "इस्त्री थांबव आधी," म्हणून दम भरायची. संध्याकाळी दोघी लांबच्या रस्त्यानं चालत घरी जायच्या. नणंदेला धाप लागायची, म्हणून काडी मुद्दाम सावकाश चालायची.

काही महिन्यांत पाळी परत आली. अंधारी येणं थांबलं. काटा अठ्ठेचाळीसवर गेला तशी एक जुनी गिऱ्हाईक बाई सगळ्यांदेखत बोललीच, "काय गं, सुटलीस की!"

बोलणं तिला लागलं. हातातली इस्त्री क्षणभर तिथंच थांबली. मग चादरीला चटका बसायच्या आत तिनं ती उचलून उभी ठेवली.

"हो, सुटले," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

घरी गेली तेव्हा लेक भाताचं पातेलं उतरवत होती. "आज माझ्याआधी वाढून घेऊ नकोस हं," लेक म्हणाली, "मला कडकडून भूक लागलीय."

काडीनं दोन ताटं मांडली आणि आधी लेकीच्या ताटात भात वाढला.