कांग गिमानच्या मऊ तारा

आमच्या तुलुंगागुंग भागात लग्न ठरलं की मांडवाआधी दांगदुतचा, म्हणजे नाचत्या गाण्यांचा, ताफा ठरतो. आमच्या ताफ्यात इलेक्ट्रिक गिटार कांग गिमानची. कांग म्हणजे दादा. त्याला दादा म्हणणारेही आता आजोबा झाले. गेल्या भातकापणीपासून त्याच्या डाव्या हाताची बोटं आखडली होती, आणि ताफ्याचा मालक, ढोलकीवाला कास्दी, त्याच्या जागी आपला मेव्हणा दार्माजी बसवणार, अशी कुणकुण होती. रविवारी सरपंचाच्या घरचं लग्न होतं.

कांग गिमानने दोष गिटारला दिला. ती बोलूनचालून लाकडाची. तिला चटईवर उताणी घालून, मानेखाली उशी देऊन, त्याने घोडीचे स्क्रू पिळून तारा खाली आणल्या. बोटं सुखावली, पण तारा पडद्यांना घासून भणभणू लागल्या. मग त्याने सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या. आता त्या मऊ लागत. एक पडदा पुढे सरकून वाजवलं की सूर जागेवर. पण ताण उतरला तशी मान मागे गेली आणि भणभण वाढली. मानेतली सळई ॲलन कीने जराशी सैल करायची, तारा आणि पडद्यांमधली फट बघायची, सूर लावायचा, पुन्हा फट.

"एवढं माझ्या कंबरेकडे बघितलं असतंत," मिरच्या वाटता वाटता बायको, रुमियाती, म्हणाली.

"तुझ्यात सळई नाही."

"आहे. तिच्यावरच हे घर उभंय."

शुक्रवारी नमाजानंतर कास्दी मेव्हण्याला घेऊन आला. कांग गिमानने वाजवलं. सूर स्वच्छ होता. बोट मात्र लांब तानेत मागे राहिलं. कास्दीने कॉफीची स्तुती केली, तेव्हाच निकाल कळला. मग दार्माजीने गिटार उचलली, आणि मऊ तारांवर त्याची जाड बोटंही पळाली. रविवारपुरती गिटार देता का, आणि तुम्ही जरा आराम करा, असं कास्दीने अदबीने सुचवलं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. कांग गिमान हो म्हणाला. उतरवलेल्या सुराबद्दल त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

रविवारी बासरी सुरू झाली आणि गिटार तिच्या अर्धा सूर खाली शिरली. नवरीच्या मावश्यांचे घास थांबले. दार्माजीने खुंट्या पिळल्या, तसा उरलासुरला मेळही गेला. शेवटी कास्दी स्वतः मंचावरून खाली आला. कांग गिमान पाहुण्यांत बसून रावोनचा काळा रस्सा-भात जेवत होता.

"कांग, वर चला."

"दार्माजी वाजवतोय की."

"तो गिटारशी भांडतोय. चला."

त्याने हात धुतले, वर जाऊन तारा पुन्हा उतरवल्या आणि रात्रीपर्यंत वाजवलं. अवघड जागी बोट उशिरा पोचे. गाणारी बाई जुनी होती, ती तेवढा दम लांबवी.

उतरताना कास्दीने पुढच्या लग्नाचं गाव सांगितलं. कांग गिमानने मान डोलावली. डावा हात मिटेना, म्हणून उजव्याने गिटारची पेटी उचलली.